रिकामी जागा : कशाने रिकामी?

‘रिकामा’ या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. बड्या घराचा वासा पोकळ निघतो. आणि कोणी मोठा मनुष्य निवर्तला म्हणजे वर्तमानपत्रांतून ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण होते. थट्टा आणि मृत्युलेख या दोन प्रसंगांवाचून पोकळीची आठवण आपणांस सहसा होत नाही. गंमत अशी की, त्या न्हाव्याची तुंबडी चालते ती पोकळीच्याच बळावर. तुंबडीतील हवा ओढून विरळ केली की सभोवारच्या हवेचा दाब अंगातील रक्त त्या बाजूस लोटतो. म्हणजे रिकाम्या जागेचा उपयोग न्हाव्यास पूर्वीच कळला होता. तिचे स्वरूप काय, हा प्रश्न मात्र पंडितांस अद्याप पुरता सुटलेला नाही.

या प्रश्नावर मराठीत जे लिहिले व बोलले जाते, त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार आमच्या पाहण्यात येतात. पहिल्या प्रकारचे लेखक म्हणतात, पोकळी म्हणजे काहीच नाही; जे नाहीच त्याची चर्चा कसली? दुसऱ्या प्रकारचे लेखक याच्या उलट टोकास जातात. आधुनिक पदार्थविज्ञानाला पोकळीत ऊर्जा आढळली असे कोठेतरी वाचताच ते घोषणा करतात की हीच आमच्या ऋषींची शून्यावस्था, हेच ब्रह्म, आणि हे सर्व आम्हांस हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते. पहिला पक्ष प्रश्न गिळून टाकतो, दुसरा त्याची आरती करतो. दोघेही एक साधी पृच्छा करण्याचे विसरतात, असे आमचे म्हणणे आहे. जागा रिकामी असेल, पण ती कशाने रिकामी? घागर पाण्याने रिकामी झाली तरी हवेने भरलेली असते. हवा काढली तरी तिच्यात उजेड शिरतो. हा क्रम पुढे किती नेता येतो व कोठे थांबतो, एवढाच खरा विषय आहे.

चर्चा अधांतरी राहू नये म्हणून आम्ही ती आपल्याच किनाऱ्यावरील एका ठिकाणापासून आरंभतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. तेथे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून काही चौथरे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने याच ओट्यांवर दुर्बीण मांडून हेलियम वायूचा शोध लावला, अशी कथा या भागात सर्वतोमुखी आहे. अलीकडे त्या तारखेस तेथे हेलियम दिनही साजरा होतो. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा गेला हे खरे आहे. परंतु लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. गुंटूर येथे पिएर जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. लॉकियरने २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडात, ग्रहण नसताना, तशाच रेषा पाहिल्या. दोघांची वृत्ते पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली. त्यांतील पिवळी रेषा सोडियमची नव्हे, एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, हा तर्क पुढे लॉकियरने मांडला. ग्रहण पाहण्यासाठी तो हिंदुस्थानात आला तो १८७१ साली, आणि उतरला तो केरळातील बेकल येथे.

हा मुद्दा आम्ही विजयदुर्गाचे महत्त्व कमी करण्यासाठी काढत नाही. त्या सकाळी या तटावरूनही सूर्य झाकोळलेला दिसला असेल, आणि ती पिवळी रेषा ज्या प्रकाशात होती तोच प्रकाश या तटावरही पडला असेल. एवढे सत्य कोणत्याही गावास भूषणावह आहे. पण इतिहासात जागा रिकामी दिसली की तेथे सर्वांत मोठे नाव आणून बसवावे, हा मोह आपणांस आवरत नाही. अवकाशाच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. रिकामी जागा सोसवत नाही; मग तेथे कधी ईथर येतो, कधी ब्रह्म येते.

आता त्या प्रकाशाचाच मार्ग पाहू. सूर्य आणि विजयदुर्ग यांमध्ये सुमारे पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर आहे आणि प्रकाश ते आठ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात तोडतो. यापैकी जिला आपण खऱ्या अर्थाने हवा म्हणू ती शेवटच्या शंभरेक किलोमीटरांतच भेटते. बाकीच्या मार्गात काय आहे? त्या काळच्या बहुतेक सर्व विद्वानांचे उत्तर ठरलेले होते. लाट म्हटली की तिला पाणी हवे, ध्वनी म्हटला की हवा हवी. तसे प्रकाशलहरींना वाहून नेणारे एक अतिसूक्ष्म द्रव्य विश्वात सर्वत्र भरलेले असले पाहिजे. त्याचे नाव ईथर. ते पोलादाहून ताठ असावे, तरीही ग्रहांना यत्किंचित अडवू नये, अशा परस्परविरोधी गुणांचे ओझे त्याच्या माथी होते. परंतु पोकळी मानण्यापेक्षा ही अडचण मानणे त्यांस सोपे वाटले.

१८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांनी पृथ्वी या ईथरातून कोणत्या वेगाने जाते हे मोजण्याचा प्रयत्न केला. प्रकाशाचे दोन किरण काटकोनात पाठवून, आरशांवरून परत आणून, त्यांतील सूक्ष्म फरक पाहावा अशी त्यांची योजना होती. अपेक्षित फरक मिळाला नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवले की ईथराची कल्पना न करताही सर्व व्यवहार नीट लागतो. इथे पहिला पक्ष टाळी वाजवतो: पाहा, शेवटी पोकळी म्हणजे काहीच नाही हे सिद्ध झाले! पण त्याच आइन्स्टाइनने १९१५ साली आपला व्यापक सापेक्षतावाद पुरा केला, तेव्हा त्यात अवकाश वाकते, आकुंचन-प्रसरण पावते आणि वस्तूंना मार्ग दाखवते. १९२० साली लायडन येथील व्याख्यानात त्याने स्वतःच सांगितले की, ज्यात गतीची कल्पना करता येत नाही अशा नव्या अर्थाने ईथर हा शब्द वापरावयाचा तर वापरता येईल. कारण या सिद्धांतातील अवकाश गुणधर्मरहित नाही. जे वाकू शकते त्याला ‘काहीच नाही’ म्हणणे कठीण आहे.

दुसऱ्या पक्षाची परीक्षा याहून नाजूक आहे, कारण तेथे आपल्या पूर्वजांच्या गौरवाचा प्रश्न येतो. म्हणून त्यांनी नेमके काय म्हटले ते आधी पाहू. वैशेषिकांनी नऊ द्रव्ये मानली. त्यांत आकाश आणि दिक् ही दोन निरनिराळी आहेत. आकाश एक, नित्य व सर्वव्यापी. शब्द हा त्याचा गुण. जवळ-दूर, पूर्व-पश्चिम हा व्यवहार ज्यामुळे घडतो ते दिक्. आजचे पदार्थविज्ञान ज्याला अवकाश म्हणते, त्याचे नाते शोधावयाचेच तर ते आकाशापेक्षा दिक्‌शी अधिक जुळेल. आमच्या उत्साही लेखकांपैकी फारच थोड्यांनी हा भेद लक्षात घेतला आहे. शिवाय शब्द हा आकाशाचा गुण, हे मत प्रयोगाच्या कसोटीस उतरत नाही. १६६० साली रॉबर्ट बॉइलने काचपात्रात घड्याळ टांगून आतली हवा काढली, तेव्हा त्याची टिकटिक मंद होत गेली. घड्याळ दिसत मात्र राहिले. हवा गेली आणि आकाशच उरले, तेव्हा शब्दच नाहीसा झाला. हे झाकून ठेवण्यात वैशेषिकांचा सन्मान नाही. गुण असेल तर त्याला आश्रयद्रव्य हवे, आणि इतर आश्रय एकेक करून बाद केले की जो उरतो तो मानावा, ही त्यांची विचारपद्धती होती. त्यांचा मोठेपणा त्या पद्धतीत आहे. निष्कर्ष चुकल्याने ती हीन ठरत नाही.

याहून सरस वाद बौद्ध आणि वेदान्ती यांचा आहे. आकाश म्हणजे आवरणाचा अभाव, अडथळा नसणे एवढेच, हे बौद्धांचे मत म्हणून घेऊन श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात त्याचे खंडन केले आहे. त्यांतील एक युक्तिवाद असा: एक पक्षी उडत असला म्हणजे आवरण आले, आवरणाचा अभाव राहिला नाही, मग दुसऱ्या पक्ष्याला उडावयास आकाशच उरू नये. यावर कोणी म्हणेल की, जेथे आवरण नाही तेथे तो उडेल. आचार्य उत्तर देतात: ज्या ‘जेथे’मुळे तुम्ही हा अभाव येथला, तो तेथला असे वेगळे करता, तेच वस्तुरूप आकाश होय. मालवणच्या धक्क्यावर सांजवेळी मासळीच्या पाट्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी पाहिल्या की या युक्तिवादाची धार ध्यानात येते. अभावाला पत्ता नसतो. रिकाम्या जागेला मात्र पत्ता असतो. जैनांनी तर आकाशास स्वतंत्र द्रव्य मानून, जेथे जीव व पुद्गल आहेत ते लोकाकाश आणि जेथे आकाशावाचून काही नाही ते अलोकाकाश, असा भेद केला.

हाच वाद युरोपात पुढे निराळ्या वेषात झाला. न्यूटनने १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात निरपेक्ष अवकाश गृहीत धरले आणि पाण्याने भरलेली, फिरणारी बादली पुराव्यास आणली. बादली फिरू लागली की पाणी कडांशी चढते. ते कशाच्या संदर्भात फिरते? न्यूटन म्हणाला, अवकाशाच्या. लायब्निट्झने १७१५-१६ च्या पत्रव्यवहारात उलट बाजू घेतली: वस्तूंच्या एकमेकांशी असलेल्या क्रमाचे नाव अवकाश; वस्तू नसतील तर ते स्वतंत्र असे काही नाही. एकोणिसाव्या शतकात माखने बादलीचे उत्तर दिले की, पाणी फिरते ते दूरच्या ताऱ्यांच्या, म्हणजे समस्त विश्वातील द्रव्याच्या, संदर्भात.

या परंपरेत एक मराठी नाव आहे आणि ते आम्ही अभिमानाने घेतो. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले व २०२५ साली पुण्यात दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात माखचा हा विचार गणितात उतरवलेला आहे. कणाचे वस्तुमान ही त्याची एकट्याची मिळकत नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याच्या प्रभावातून ते येते. विश्व रिकामे करून एकच कण ठेवला तर त्याला वस्तुमानच उरणार नाही. या सिद्धांतास शास्त्रज्ञांची सर्वसाधारण मान्यता मिळाली नाही, हे सांगितलेच पाहिजे. पण प्रश्न विचारण्याची रीत पाहा. रिकामे विश्व म्हणजे काय, याचे उत्तर त्यांनी गौरवाच्या शब्दांत दिले नाही. जे खोटे ठरू शकेल अशा रूपात दिले. आमच्या मते पूर्वजांचे खरे वारस ते असेच असतात.

आता हेलियमकडे परत येऊ, कारण पोकळीच्या खटल्यात तो मोठा साक्षीदार आहे. सूर्यावर त्याची रेषा दिसल्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९५ साली, विल्यम रॅम्झे यांना तो पृथ्वीवर एका खनिजात सापडला. १९०८ साली कामरलिंग ओनेस यांनी त्याचा द्रव केला, तोही लायडन येथेच. हा द्रव उणे २६९ अंशांच्या आसपास उकळतो. दुसरा कोणताही पदार्थ पुरेसा थंड केला की गोठतो. हेलियम मात्र साध्या दाबाखाली केवढाही थंड केला तरी गोठत नाही. त्यास घनरूप देण्यास वातावरणाच्या सुमारे पंचवीसपट दाब लागतो. याचे कारण असे की, कणाची जागा व गती ही दोन्ही एकाच वेळी निश्चित असू शकत नाहीत. म्हणून सारी उष्णता काढून घेतली तरी अणूंत एक किमान हालचाल शिल्लक राहते, आणि हेलियमच्या हलक्या अणूंस जखडून ठेवण्यास त्यांतील दुबळे आकर्षण अपुरे पडते.

हाच नियम प्रकाशाच्या क्षेत्रासही लागू आहे. पात्रातील हवा, उष्णता, उजेड, जे जे काढण्यासारखे ते सर्व काढले, तरी विद्युच्चुंबकीय क्षेत्राची एक किमान अवस्था राहतेच. ती काढता येत नाही. यालाच आज पदार्थविज्ञान निर्वात म्हणते. म्हणजे निर्वात ही ‘काही नसलेली’ जागा नव्हे, तर याहून काही कमी करता येत नाही अशी अवस्था होय. १९४७ साली हायड्रोजनच्या वर्णपटात आढळलेला लॅम्बचा सूक्ष्म भेद तिच्यावाचून उलगडत नाही. १९४८ साली कॅसिमिरने असे भाकीत केले की, निर्वातात दोन धातूचे पत्रे अगदी निकट ठेवले तर ते एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ साली हे आकर्षण नेमकेपणाने मोजले गेले. तथापि येथेही सावधगिरी हवी. हेच आकर्षण पत्र्यांतील विद्युत्कणांच्या परस्परक्रियेवरूनही काढता येते, म्हणून पोकळी स्वतःच ढकलते असे एकदम म्हणणे घाईचे आहे. पोकळीत कण ‘जन्मतात व मरतात’ ही भाषाही गणिताचे चित्ररूप वर्णन आहे. कोणी ते जन्ममरण डोळ्यांनी पाहिलेले नाही.

आणि या ज्ञानाची मर्यादाही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. १९९८ साली दूरच्या अतिदीप्त ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगावत चालले आहे असे दिसले. त्याचा अर्थ लावताना रिकाम्या अवकाशालाच थोडी ऊर्जा आहे असे मानणे सर्वांत सोपे पडते. विश्वातील एकूण ऊर्जेचा जवळजवळ सात-दशांश वाटा या ‘कृष्ण ऊर्जे’चा धरतात. पण निर्वाताच्या किमान अवस्थेवरून तिचा सरळ हिशेब केला तर उत्तर निरीक्षणापेक्षा, एकावर सुमारे एकशेवीस शून्ये द्यावीत, इतक्या पटींनी मोठे येते. शून्य शोधणाऱ्या देशाला शून्यांची एवढी मोठी रांग विज्ञानाच्या चुकीत पाहावयास मिळावी, हा योगायोग आहे. परंतु विज्ञान ती लपवत नाही, उलट आपल्यापुढील मोठ्या अडचणींत तिची गणना करते. ज्याला ब्रह्म सापडले त्याला अशी अडचण कधी पडत नाही. आणि तेथेच आमची शंका सुरू होते.

या शंकेस एक ऐतिहासिक आधार आहे. ईथराची चलती होती तेव्हा आकाश म्हणजेच ईथर, हे समीकरणही मोठ्या उत्साहाने मांडले जाई. पुढे ईथर गेला. मग आकाशाचे काय झाले? ज्यांनी त्याची प्रतिष्ठा ईथरावर टांगली होती, त्यांनी मुकाट्याने खुंटी बदलली. आज ती निर्वातावर टांगली आहे. उद्या निर्वाताची कल्पना बदलली की पुन्हा नवी खुंटी शोधावी लागेल. जी गोष्ट स्वतःच्या युक्तिवादावर उभी राहू शकते, तिला परक्याच्या खांद्यावर बसवण्यात तिचा गौरव कसा होतो, हे आम्हांस कळत नाही. तीच गत ‘शून्य’ शब्दाची. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ज्याच्या गणिताचे नियम सांगितले ते शून्य एक संख्या आहे. नागार्जुनाची शून्यता म्हणजे पदार्थांना स्वतंत्र स्वभाव नसणे. आणि निर्वात ही क्षेत्राची अवस्था. तिघांचे नाव एक म्हणून तिघे एक, असे म्हणणे म्हणजे एका आडनावाच्या सर्वांस एका घरचे समजणे होय.

शेवटी एक उदाहरण देतो, ज्यात दोन्ही धागे एकत्र आलेले दिसतील. मायकेलसनच्या यंत्राचेच तत्त्व वापरून, चार-चार किलोमीटरांच्या दोन निर्वात नळ्यांत किरण पाठवून, १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत गुरुत्वलहरी प्रथम पकडल्या गेल्या. ज्या यंत्राने ईथर नाही असे सांगितले, त्याच्याच वंशजाने अवकाश स्वतः थरथरते असे सांगितले. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा तालुक्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. या नळ्यांतील दाब वातावरणाच्या सुमारे एक लक्ष कोटीव्या अंशाइतका असतो. तरीही दर घन सेंटिमीटरात कोट्यवधी रेणू उरतातच. आणि औंढा नागनाथ हे तेच क्षेत्र, जेथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, आणि नामदेवांनी हरकत घेताच, ‘जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव’ असे त्यांनी म्हटल्याची कथा आहे. नामदेव पाय जेथे ठेवीत तेथे पिंडी उभी राही.

आता या दोन गोष्टी शेजारी पाहून कोणीतरी उद्या लिहील की विसोबांस गुरुत्वलहरी ठाऊक होत्या. आमची विनंती आहे की, तसे लिहू नये. विसोबांनी नामदेवांस विचारले ते, देवाने रिकामी अशी जागा कोणती? वेधशाळेतील शास्त्रज्ञ विचारतात ते, हवेने, उष्णतेने, कंपनाने रिकामी जागा किती करता येईल? प्रश्नाचा साचा एक आहे, ‘कशाने रिकामी?’, त्यात भरलेला शब्द निराळा आहे. साचा एक असल्याचा आनंद घ्यावा. शब्द एक आहे असे सांगू नये. एका प्रश्नाच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही आणि खोडलेही जात नाही.

घरोघरी मुले हे विषय आता वाचू लागली आहेत. ‘पोकळीत काय असते?’ असे त्यांनी विचारले, तर काहीच नसते असेही सांगू नये आणि सर्व काही असते असेही सांगू नये. ‘तू कशाने रिकामी म्हणतोस ते आधी सांग,’ असे उत्तर द्यावे, म्हणजे पुढचा विचार ती स्वतः करतील. आणि कधी विजयदुर्गास जाणे झाले, तर त्या ओट्यांवर उभे राहून त्यांस सांगावे की, लॉकियर येथे नव्हता, पण तो प्रकाश येथेही आला होता. पंधरा कोटी किलोमीटर रिकाम्या जागेतून आला, आणि ती जागा कशी आहे याचा शोध अजून चालू आहे.